जिवतीचा कागद आणि ताईताचा दोरा

(श्रावणातील नामसप्ताह, तालुका खेड, जि. रत्नागिरी. रात्रीचे कीर्तन. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले; गायनाचा भाग वगळला आहे.)

निरूपण

पाऊस बाहेर कोसळतोय, जगबुडीला पाणी चढलंय, तरी मंडप भरलेला आहे. पोरंबाळं कडेवर घेऊन आयाबाया आल्यात. मुंबईहून रजा टाकून चाकरमानीही आलेत. ही पांडुरंगाचीच कृपा.

सेवेसाठी तुकोबारायांचा जो अभंग घेतला, तो आत्ता आपण टाळमृदुंगावर म्हटला. नवसासंबंधी आहे. महाराज अगदी साधा प्रश्न विचारतात. नवस बोलूनच घरात पाळणा हलणार असेल, तर मग लग्न कशाला लावता, संसार कशाला मांडता? चारशे वर्षांपूर्वी एक वाणी देहूत बसून हे विचारतो! आणि आपण आज चंद्रावर यान उतरवलं तरी मोटारीच्या पुढे लिंबू-मिरची बांधतो. (हशा.) हसू नका बाबांनो, मंडपाबाहेर ज्या गाड्या उभ्या आहेत ना, त्या मी येताना बघून आलोय.

आज बोलायचं आहे ते खुणांबद्दल. आकृत्यांबद्दल. आपल्या घरात किती आकृत्या आहेत ते कधी मोजलंय? दारात रांगोळी, उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं, दारावर स्वस्तिक, तुळशीपुढे चातुर्मासातली गोपद्मं, चैत्रात चैत्रांगण. नागपंचमीला पाटावर गंधाने काढलेला नाग. बाळाच्या गालाला काळी तीट. मनगटात काळा दोरा, गळ्यात ताईत. नव्या घराचं काम चालू असलं की वर टांगलेली काळी बाहुली. दारावर घोड्याची नाल. आणि श्रावण लागला की देवघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद.

यातलं काय ठेवावं, काय टाकावं? एक म्हणतो, सगळं टाका, सगळी अंधश्रद्धा. दुसरा म्हणतो, सगळं ठेवा, वाडवडील काय खुळे होते? मी म्हणतो, माउली, तांदूळ निवडताना आपण काय करतो? सूप घेतो. खडे बाजूला, तांदूळ बाजूला. सूप न घेता सगळंच शिजवलं तर दात पडतील, आणि सगळंच फेकलं तर उपाशी झोपावं लागेल. आज ते सूप हातात घेऊ.

पहिली परीक्षा. ही आकृती काढतो कोण? रांगोळी घरची लेक काढते, सून काढते. पैसे पडत नाहीत. कुणी येऊन सांगत नाही की आज रांगोळी काढली नाहीस, आता तुझ्या घरात अमुक होईल. पाऊस आला, पुसली गेली, उद्या परत काढायची. तिच्यात धाक नाही. आणि ताईत? तो कुणीतरी देतो. भूर्जपत्रावर अष्टगंधाने काहीतरी लिहितो, तांब्याच्या नाहीतर चांदीच्या नळीत घालतो, लाखेनं तोंड बंद करतो, काळ्या दोऱ्यात ओवतो आणि सांगतो, उघडून बघू नकोस! बघितलंस तर शक्ती जाईल. अहो, औषधाच्या बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं असतं. हरिपाठ उघडा, आत काय आहे ते वाचता येतं. उघडून बघू नको म्हणणारा देव मी तरी संतांच्या वाङ्मयात पाहिला नाही.

बरं, त्या नळीत असतं तरी काय? पुष्कळदा असतं पंधराचं यंत्र. इथे पुढे शाळेची मुलं बसलीत, त्यांनी बोटांवर मोजा. तीन ओळी, तीन रकाने, नऊ घरं. वरच्या ओळीत आठ, एक, सहा. मधल्या ओळीत तीन, पाच, सात. खालच्या ओळीत चार, नऊ, दोन. करा बेरीज. आडवी केली तर? (मुले: पंधरा!) उभी केली तर? (पंधरा!) तिरकी? (पंधरा!) शाब्बास. एक ते नऊ सगळे आकडे आले, एकही दोनदा नाही, आणि कुठूनही मोजा, पंधरा. याला गणितात जादूचा चौरस म्हणतात. चीनमध्ये हाच चौरस फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. आपल्याकडे नारायण पंडित म्हणून मोठे गणिती होऊन गेले. त्यांनी १३५६ साली ‘गणितकौमुदी’ ग्रंथ लिहिला आणि त्यात असे चौरस कसे तयार करायचे यावर ‘भद्रगणित’ नावाचं प्रकरणच घातलं. खजुराहोच्या जैन मंदिरात सोळा घरांचा चौरस दगडात कोरलाय, त्याची बेरीज कुठूनही चौतीस.

आता बघा. नारायण पंडितांनी ही विद्या उघडी करून मांडली. ज्याला शिकायचंय त्यानं शिकावं. ही मुलं आत्ता पाच मिनिटांत शिकली. आणि तीच विद्या नळीत घालून, लाख लावून, हजार-पाचशेला विकली की झाला ताईत! आकडे तेच. विद्या उघडी असली की तिचं ज्ञान होतं, तीच कोंडली की तिचा धाक होतो. ज्यांच्या गळ्यात तसलं काही असेल, त्यांना मी आज ओढून काढा म्हणणार नाही. एवढंच म्हणतो, मुलाला तो चौरस शिकवा. मग त्याची भीती आपोआप उतरेल.

दुसरी परीक्षा. ती खूण बांधते कुणाला? मला एका माउलीनं विचारलं, महाराज, तुमच्या गळ्यातली तुळशीची माळ म्हणजे तरी काय, तुमचा ताईतच की! प्रश्न चांगला आहे. राग नाही यायचा अशा प्रश्नाचा. उत्तर द्यायला हवं. माळ घातली तेव्हा माझ्याकडून काय काय बोलवून घेतलं? मांसमद्य नाही. एकादशी धरायची. वारी चुकवायची नाही. खोटं बोलायचं नाही. परस्त्री मातेसमान. म्हणजे माळ मला बांधते. ताईत घालताना काय बोलवून घेतलं? काही नाही. दारू पी, खोटं बोल, भावाचा बांध कोर, ताईत आहेच! तो म्हणतो, तू बदलू नकोस, मी जगाला सांभाळून घेतो. माळ माझ्यावर अंकुश ठेवते आणि ताईत देवावर अंकुश ठेवायला बघतो. दिसायला दोन्ही दोरेच. पण एका दोऱ्याला माझी मान अडकवलेली आहे, दुसऱ्या दोऱ्यानं मला देवाची मान अडकवायची आहे. माळ घालूनही जर वागणूक तीच राहिली, तर ती माळही ताईतच झाली म्हणायची. हे आम्हा माळकऱ्यांनी आधी ऐकावं.

रामकृष्णहरी! (नामघोष.)

तिसरी परीक्षा, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. ती खूण घर जोडते की तोडते?

माउलींनो, बाळाच्या गालाला तीट लावता, लावा. मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढता, काढा. त्यात आजीची माया आहे. बाळ किरकिर करतंय, आजी त्याला मांडीवर घेते, चार वेळा ओवाळते, मोहरी तडतडली की म्हणते, गेली हो दृष्ट. बाळ निजतं. आजीची मांडी मिळाली म्हणून निजतं! पण ताप उतरला नाही तर मोहरीची वाट बघत बसायचं नाही. तीट लावा, लस चुकवू नका. दोन्ही हातांना दोन कामं आहेत.

पण कधी काय होतं? घरात दुखणं आलं. म्हैस आटली. पोराला नोकरी लागत नाही. मग कुणीतरी सांगतो, देवऋषाकडे जा. तो तांदूळ मांडतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, घरातल्याच बाईनं केलंय. तिठ्यावर लिंबू टाकलंय. काळ्या साडीची. सडपातळ. अहो, कोकणात वाडीत सडपातळ बाई कोण नाही? चढउतारानं सगळ्याच सडपातळ! (हशा.) पण घरी येऊन हा माणूस बघायला लागतो. आणि त्याला ती दिसते. धाकटी काकी. नवरा नाही, मूलबाळ नाही, पुढच्या पडवीत एकटी राहते. झालं! तिच्या हातचं पाणी बंद. तिच्या दारावरून पोरांनी जायचं बंद. गणपतीला ज्या भावांनी एकत्र आरती करायची, ते दोन मखरं मांडतात. तो लिंबू दोन रुपयांचा होता मंडळी. त्यानं कुणाचं रक्त ओकवलं नाही. पण त्याच्या संशयानं अख्खं घर कापलं. करणी झाली ती हीच! ही करणी लिंबानं केली नाही, जिभेनं केली.

महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला. आपण त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. त्या वर्षी ऑगस्टच्या २० तारखेला पुण्यात डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. आपल्याच वारकरी मंडळींतल्या काहींनी तेव्हा विरोध केला होता, भीती अशी होती की उद्या वारीवर बंदी येईल, कीर्तनावर बंदी येईल. मी तो कायदा वाचला. त्यात स्पष्ट लिहिलंय की यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही. आणि गुन्हा कशाला म्हटलंय? हिनं करणी केली, ही जादूटोणा करते, असं म्हणून एखाद्या माणसाला छळणं. भूत उतरवतो म्हणून मारणं, चटके देणं. नरबळी. आणि एक कलम असं आहे की साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करत बसणं. आता मला सांगा, यातलं कुठलं काम संतांनी करायला सांगितलं होतं? एकही नाही. मग आपण वारकऱ्यांनी घाबरायचं कारण काय?

सापाचा विषय निघाला म्हणून थोडं थांबून बोलतो. श्रावण आहे, बांधावर गवत वाढलंय, भातात बेणणी चाललीय. आपण लाल मातीतली माणसं. कातळावर, दगडाखाली फुरसं. वीतभर नाहीतर हातभर लांबीचं, पण जात विषारी. शिवाय नाग, मण्यार, घोणस. धामण, दिवड, नानेटी हे बिनविषारी. आणि इथंच मांत्रिकाचं दुकान चालतं. कसं? दहा जणांना साप चावला, त्यातले पुष्कळसे साप बिनविषारी. विषारी सापसुद्धा कधी कधी दात मारतो, पण विष सोडत नाही. म्हणजे ही माणसं मंत्र म्हटला तरी जगणार, नाही म्हटला तरी जगणार. ती उठून बसली की गावभर नाव कुणाचं? मांत्रिकाचं! आणि ज्याला खरोखर फुरसं चावलं, खरोखर मण्यार चावली, तो गेला की म्हणायचं, त्याचं आयुष्यच तेवढं. जगला तर मंत्रानं, मेला तर नशिबानं. असा हिशोब आपल्या वाण्याच्या दुकानात चालेल का हो? तुकोबा वाणीच होते. ते म्हणाले असते, वही दाखव!

फुरशाच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं. ते लगेच दिसत नाही, तास जातात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचं कळतही नाही, फार दुखत नाही. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि श्वास थांबतो. या तासांतच माणूस भगताच्या ओटीवर बसलेला असतो. दोरा बांधला, लिंबू कापला, कोंबडीचं पिल्लू जखमेला लावलं. त्या प्रत्येक मिनिटाला विष पुढे जात असतं.

यावर औषध एकच आहे, सर्पविषावरचं इंजेक्शन. ते घोड्याच्या रक्तापासून तयार करतात. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेत कितीतरी वर्षं ही लस बनते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून नेण्याचीही गरज नाही. चावलेला हात-पाय हलवायचा नाही, फळी बांधून स्थिर ठेवायचा. दोरीनं करकचून आवळायचं नाही. ब्लेडनं कापायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. माणसाला चालवत नेऊ नका, धीर द्या आणि थेट कळंबणीचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. वाटेत नामस्मरण करा. जरूर करा! नाम घेतल्यानं रुग्ण शांत राहतो, घाबरा होत नाही. नाम आणि इंजेक्शन यांचं भांडण नाही. भांडण लावून देणाऱ्याचं त्यात पोट आहे.

आता विंचू. एकनाथ महाराजांचं विंचू चावल्याचं भारूड कुणाला ठाऊक नाही? पोरं त्यावर नाचतात. पण त्यात नाथबाबा काय सांगतात ते ऐकायचं राहून जातं. त्यांचा विंचू अंगणातला नव्हे. तो कामाचा, क्रोधाचा विंचू. आणि त्याचा दाह शांत करायला नाथांनी भगत बोलावला नाही, मंत्र फुंकून घेतला नाही. सत्त्वगुणाचा उतारा सांगितला. मनातल्या विंचवाला मनातलं औषध!

मग अंगणातल्या विंचवाचं काय? तर त्यालाही एका माणसानं औषध शोधलं आणि तो आपल्या शेजारीच बसला होता, कशेडी घाट उतरून पलीकडे, महाडकडे. डॉक्टर हिंमतराव बावस्कर. बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली माणसं यायची, लहान मुलं यायची, घाम, उलट्या, छातीत पाणी, आणि रात्रीत संपायची. शंभरातली तीस-चाळीस जात. ते रात्र रात्र खाटेशेजारी बसून नोंदी करत राहिले. १९८२ साली त्यांचं लिखाण ‘लॅन्सेट’ या विलायतेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे त्यांनी प्राझोसिन नावाची, रक्तदाबावर वापरली जाणारी गोळी विंचूदंशावर वापरली आणि शंभरातले मृत्यू एक-दोनावर आले. २०२२ साली सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. मी याला तपश्चर्या म्हणतो. ताईताशिवाय, मंत्राशिवाय, नुसतं जागून केलेली. संत सांगतात, परोपकार हेच पुण्य. मग हे काय दुसरं आहे?

विठ्ठल विठ्ठल विठ्ठल! (नामघोष.)

आख्यान

आता वळू जिवतीच्या कागदाकडे. घरोघरी भिंतीवर लावलाय ना? त्याच्यावर कोण कोण आहे? (एक बाई: नरसिंह.) बरोबर, वर नरसिंह. मग? (कृष्ण.) कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण. मग लेकरांनी वेढलेल्या दोघी जणी, जरा आणि जिवंतिका. खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. शुक्रवारी पुरणाचा दिवा करून आपण पूजा करतो, लेकरांना ओवाळतो. आता सांगा, यातली जरा कोण? (शांतता.) नुसतं ओवाळतो, पण विचारत नाही. ही जरा राक्षसी आहे!

कथा महाभारतातली, सभापर्वातली. स्वतः भगवान श्रीकृष्ण धर्मराजाला सांगतात. मगध देशात बृहद्रथ नावाचा राजा होता. काशीराजाच्या जुळ्या मुली त्याच्या राण्या. त्यानं वचन दिलं होतं की दोघींना सारखंच वागवीन. वैभव अपार, पण मूल नाही. चंडकौशिक ऋषी आंब्याच्या झाडाखाली बसले होते, त्यांच्याकडे गेला. त्यांच्या मांडीवर झाडावरचा एक आंबा पडला. हापूस की रायवळ ते व्यासांनी लिहिलं नाही. (हशा.) ऋषींनी तो फळ म्हणून दिला. राजानं वचन दिलेलं, म्हणून एकाच आंब्याचे दोन भाग करून दोघी राण्यांनी खाल्ले.

दिवस भरले. दोघी बाळंत झाल्या. आणि काय बघतात! एकीला अर्धं मूल, दुसरीला अर्धं. एक डोळा, एक हात, एक पाय. राण्या भयानं थरथरल्या. सुइणींनी दोन्ही तुकडे कापडात गुंडाळले, मागच्या दारानं बाहेर पडल्या आणि चव्हाट्यावर टाकून आल्या.

मंडळी, इथं जरा लक्ष द्या. आपण चव्हाट्यावर, तिठ्यावर काय टाकतो? उतारा टाकतो. नको असलेलं, भीतीचं टाकतो. त्या राजवाड्यानंही तेच केलं. भीती वाटली, चव्हाट्यावर टाकली. पण तिथं जरा होती. मांसरक्तावर जगणारी राक्षसी. तिला दोन तुकडे दिसले. न्यायला सोपे पडावेत म्हणून तिनं ते एकाला एक जोडून धरले. आणि धरताक्षणी ते जुळले! सबंध बाळ झालं. मूठ तोंडात घालून मेघासारखं रडायला लागलं. वज्रासारखं जड झालं, तिला उचलेना.

आवाज ऐकून राजा धावत आला. राण्या आल्या, त्यांच्या छातीत पान्हा दाटला होता. आता बघा, जरा काय करते. तिची भूक तिला सांगत होती की खाऊन टाक. पण ती मनात म्हणते, मी या राजाच्या राज्यात राहते. याला मूल नाही. याचं मूल मी कसं नेऊ? तिनं माणसाचं रूप घेतलं, बाळ हातात घेतलं आणि म्हणाली, राजा, हे तुझं लेकरू. तुझ्या सुइणींनी टाकलं होतं, मी राखलं. घे.

राजानं विचारलं, तू कोण? ती म्हणाली, मी जरा. घराघरांत माझी वस्ती आहे. मुलाबाळांसह माझं चित्र जो आपल्या घराच्या भिंतीवर काढील त्याच्या घरी वाढ होईल. माउलींनो, हाच तो जिवतीचा कागद! महाभारतात भिंतीवरच्या त्या चित्राचा उल्लेख आहे. किती जुनी ही खूण! राजानं बाळाचं नाव जरासंध ठेवलं. जरेनं सांधलेला. आणि राज्यात जरेच्या नावानं उत्सव सुरू केला.

काय केलं त्या राजानं? जिला राक्षसी म्हणून हाकलायचं, तिला घरची देवता केलं. आणि आपण काय करतो? घरच्या बाईला राक्षसी करतो! भिंतीवर जरेला कुंकू लावायचं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा, आणि मागल्या पडवीतल्या काकीवर करणीचा आळ घ्यायचा. कसं जुळतं हे? जिवतीची पूजा करणाऱ्या घरात कुणाही बाईला चेटकीण म्हणता येत नाही. म्हटलं की कागद फाटला असं समजा. जरेनं दोन तुकडे सांधले, आणि आपण एका घराचे दोन तुकडे करायचे?

कथा इथं संपत नाही. जरेनं राखलेला तो जरासंध मोठा झाला, बलाढ्य झाला आणि उन्मत्त झाला. राजे जिंकून कोंडले. शंभर पुरे झाले की शंकरापुढे त्यांचा बळी द्यायचा, असा त्याचा बेत. नरबळी! मग श्रीकृष्ण, भीम आणि अर्जुन मगधात गेले. भीमानं त्याच्याशी कुस्ती धरली आणि जिथं जरेनं सांधलं होतं, तिथंच त्याला उभा चिरला. कोंडलेले राजे मोकळे केले.

आता सांगा, त्याच्यापेक्षा मोठं राखण कुणाचं होतं? ज्याला सबंध केलं तीच घरदेवता, जन्मापासूनची राखणदारीण. तरी वाचला नाही. का? कारण त्याची करणी फिरली. दुसऱ्यानं त्याच्यावर काही केलं नव्हतं. त्यानं स्वतः केलं होतं. करणीचं भय धरायचं तर ते आपल्या हातांच्या करणीचं धरावं. बाकी कुणाची करणी नामधारकाला बाधत नाही.

कागदावरचे बाकीचेही तेच सांगतात. नरसिंह आला तो प्रल्हादासाठी. प्रल्हादाच्या गळ्यात ताईत नव्हता, मुखात नाम होतं. कृष्णानं कालियाला मारला नाही, त्याला सांगितलं, यमुना सोड, तुझ्या जागी जा. तू तिथं, आम्ही इथं. नागपंचमीला आपण जमीन खणत नाही, नांगर धरत नाही, याच भावानं धरत नाही. सापालाही एक दिवसाची सुट्टी! बृहस्पती म्हणजे देवांचा गुरू, विद्या. लेकराचं राखण कोण करतं? मुखी नाम, हाती विवेक, डोक्यात विद्या आणि पाठीशी सांधणारी आई. एवढं सगळं त्या एका कागदावर आहे. तो भिंतीवरून उतरवून टाकायचा नाही. तो वाचायचा आहे.

प्रार्थना

शेवटचं बोलतो आणि सेवा थांबवतो.

जिवतीच्या शुक्रवारी ज्यांची लेकरं घरी नसतात, त्या आया काय करतात? ओवाळणी झाली की चारी दिशांना अक्षता टाकतात. या तालुक्यात तर हे घराघरात आहे. एक लालबागला, एक विरारला, एक आखातात, एक बोटीवर. आई ओटीवर उभी राहते आणि पश्चिमेला अक्षता टाकते, उत्तरेला टाकते. मला या आकृतीपेक्षा मोठी आकृती ठाऊक नाही. मधे आई आणि चार दिशांना तांदूळ. तिथं कुणी पैसे मागत नाही, कुणाचं वाईट चिंतत नाही. टाका माउलींनो, जरूर टाका. अक्षता टाकून झाल्या की फोनही करा. विचारा, जेवलास का? गाडी हळू चालवतोस ना? येताना कशेडी रात्री उतरू नको, झोप आली तर थांब. लिंबू-मिरची गाडी चालवत नाही, चालवणारा तूच आहेस.

आणि एक काम प्रत्येकानं आज रात्रीच करायचं. घरी गेल्यावर पेन्सिल घ्यायची, जिवतीच्या कागदाखाली भिंतीवर तीन आकडे लिहायचे. १०८. हा रुग्णवाहिकेचा नंबर आहे. साप चावला, बाळंतपण अडलं, अपघात झाला, कुठल्याही फोनवरून फिरवा, पैसे पडत नाहीत. आणि आपल्या जपमाळेत मणी किती? (सर्वजण: एकशे आठ!) मग विसरायचं काही कारणच नाही. जप करतानाही एकशे आठ, जीव वाचवतानाही एकशे आठ. घरातल्या म्हाताऱ्यालाही पाठ, पोरालाही पाठ. हेच आजच्या कीर्तनातलं यंत्र समजा. नळीत घालू नका, लाख लावू नका. भिंतीवर उघडं राहू द्या.

ज्यांच्या घरात काकीचं, मावशीचं, शेजारणीचं पाणी बंद झालंय, त्यांनी या शुक्रवारी तिला पुरणपोळीला बोलवावं. तिच्या हातून लेकरांना ओवाळून घ्यावं. एवढं केलंत तर हा सप्ताह सुफळ झाला असं मी समजेन.

हे पांडुरंगा, रखुमाई, या गावच्या माउली, लेकराबाळांना औक्षवंत कर. बांधावर राबणाऱ्यांच्या पायाखालचं जनावर बाजूला सरू दे, आणि नाहीच सरलं तर आम्हाला दवाखान्याची वाट धरायची बुद्धी दे. तुटलेली घरं सांध. आमच्या जिभेनं कुणाच्या आयुष्यात विष कालवलं असेल तर ते उतरव. भिंतीवरची खूण मनात उतरू दे.

बोला पुंडलीक वरदे हारी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!